घाटघरचे कपाट उपलब्ध आहे

जुन्नर तालुक्यातील एका महाविद्यालयाचे ग्रंथपाल श्री. सावळाराम औटी दोन हजार चार सालच्या पावसाळ्यात उजळणी वर्गासाठी पुण्याला गेले, तेव्हा ते साधे मराठी बोलत असत. परत आले तेव्हा त्यांची बोली बदललेली होती. हा बदल सुरुवातीला कोणाच्या लक्षात आला नाही, कारण ग्रंथालयात बोलण्यास मनाई आहे, असा फलक त्यांनीच लावलेला होता.

पहिला फटका बसला तो शिपाई भिका साबळे याला. सकाळी नेहमीप्रमाणे फडके झटकत त्याने विचारले, "सायेब, कपाटं पुसून घिऊ का?"

"भिका, यापुढे कपाट म्हणायचं नाही. स्टोरेज नोड म्हणायचं."

"बरं. मंग नोड पुसू का?"

"पुसू नाही. मेंटेनन्स."

"करतो की. पर वल्या फडक्यानं करू का कोरड्या?"

याला वर्गात कोणता शब्द शिकवला होता ते सावळारामांना आठवेना. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि भिकाला बाहेर पाठवले.

या ग्रंथालयात पुस्तक शोधण्याची एक रीत होती आणि ती कोणत्याही वर्गात शिकवत नाहीत. महाविद्यालय निघाले तेव्हा कपाटे गावांनी दिली होती. ज्या गावाने कपाट दिले त्याचे नाव दारावर रंगवलेले. वारूळवाडीच्या कपाटात अर्थशास्त्र होते. आळेफाट्याच्या गॅरेजवाल्यांनी वर्गणी काढून दिलेल्या कपाटात इंग्रजी व्याकरण. त्यामुळे "व्याकरण कुठाय हो?" असे कोणी विचारले, की भिका मान वर न करता सांगे, "आळेफाट्याला, वरच्या खणात." पोराला पुस्तक मिळे. बाहेरच्या माणसाला ही पद्धत अडाणीपणाची वाटे. सावळारामांनाही ती पुण्याहून परतल्यावर तशीच वाटू लागली.

घाटघरने दिलेले कपाट मात्र लाकडाचे होते. डोंगरातल्या त्या गावाला लोखंडी कपाट परवडण्यासारखे नव्हते. त्यांनी झाड दिले, सुतार दिला आणि आपल्या शाळेतून निवृत्त झालेल्या कुशाबा मास्तरांची पुस्तके दिली. मास्तर स्वतः ती एसटीच्या टपावर लादून घेऊन आले होते. गठ्ठे खाली उतरवून घ्यायला कॉलेजातले जे एक बारके पोर पुढे झाले, ते सावळाराम. मास्तर त्यांना म्हणाले होते, "सावळा, वाचली न्हाईत तरी चालंल. पर वर्साला ऊन दाव. पुस्तक म्हंजी भातच हाय, सादळलं की गेलं."

सावळारामांनी ती वाचली. त्याच पुस्तकांच्या नादाने ते ग्रंथपाल झाले. मास्तर गेल्यावरही दर वर्षी दसरा उलटला, की घाटघरचे कपाट मोकळे होई. कॉलेजच्या अंगणात सतरंज्या अंथरून पुस्तके उताणी मांडली जात, पानापानांत कडुलिंबाचा पाला घातला जाई, आणि ती जाताना पालथी, येताना उताणी करण्यात सावळारामांचा एक अख्खा दिवस फार सुखात जात असे. त्यांतले एक जुने, जाडजूड वनस्पतींचे पुस्तक ते शेवटी उचलत. त्यात झाडांची भारदस्त संस्कृत नावे छापलेली होती आणि प्रत्येक नावाशेजारच्या कोऱ्या जागेत मास्तरांनी पेन्सिलीने त्या झाडाचे डोंगरातले नाव लिहिले होते. शिवाय ते कोणत्या म्हातारीने सांगितले, तेही. "कुडा, सरूबाईनं सांगितलं." "हे पोटदुखीवर, साळुबाईला ठाऊक." असे पानोपान. त्याची दुसरी प्रत जगात नव्हती.

हे सगळे सावळारामांना ठाऊक होते. पुढे जे झाले ते न कळल्यामुळे झाले नाही, हे आधीच नोंदवून ठेवलेले बरे.

त्या हिवाळ्यात महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठी समिती येणार होती. प्राचार्य डॉ. घोलप यांनी शिक्षकांची बैठक बोलावली आणि प्रत्येक विभागाला 'आपल्याकडे नवीन काय' असे विचारले. बहुतेक विभागांकडे नवीन रंग होता. सावळाराम उभे राहिले आणि म्हणाले, "सर, आपण लायब्ररीचं इंटिग्रेटेड ऑटोमेशन करतोय. एंड यूजरला सिंगल विंडो ॲक्सेस मिळेल. लेगसी डेटाचं मायग्रेशन दिवाळीपर्यंत."

खोलीत शांतता पसरली. ही शांतता सावळारामांना नवीन होती. आजवरच्या नोकरीत या खोलीने त्यांना "औटी, पेपर आला का?" आणि "औटी, तेवढी खिडकी लावा" एवढेच विचारले होते. वाणिज्य विभागाचे प्रा. गोरख डुंबरे, जे ग्रंथालयात फक्त पंख्याखाली बसायला येत, तेसुद्धा वहीत काहीतरी लिहीत होते. प्राचार्य म्हणाले, "औटी सर, असे पुढे या, पुढे बसा."

औटी सर पुढे बसले. माणूस एकदा पुढे बसला, की त्याला मागे काय चालले आहे ते दिसत नाही.

दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी परिभाषेचे परिपत्रक काढले. पुस्तकाला युनिट म्हणावे. पुस्तक सापडत नसेल तर 'रिट्रीव्हल पेंडिंग' असे सांगावे. वाचक हा शब्द संदिग्ध असल्याने वगळण्यात येत आहे. कपाटांवरील गावांची नावे समितीच्या डोळ्यांवर येतील म्हणून त्यांवर पांढरा कागद लावून संकेतांक लिहावेत. परिपत्रकाच्या शेवटी, परिभाषेबाहेरील शब्दांत केलेली सूचना अथवा तक्रार ग्राह्य धरली जाणार नाही, अशी ओळ त्यांनी घातली. ही ओळ त्यांना फार आवडली होती. त्यांनी ती दोनदा वाचून पाहिली.

भिका या परिपत्रकाला विरोध करील, अशी त्यांची अटकळ होती. पण भिकाने ते दोन दिवसांत तोंडपाठ केले. रविवारच्या जुन्नरच्या बाजारात त्याने एका मेथीवालीला शिळ्या जुडीवर बोट ठेवून "लेगसी माल हाय, मावशे, घट करा" असे सांगून भाव पाडला, अशी बातमी कॉलेजात पोहोचली. गावाकडे लोक त्याला 'शिष्टिमवाले पावणं' म्हणू लागले. नोकरीत कायम होण्यासाठी इतकी वर्षे त्याने नम्रपणा करून पाहिला होता. हा मार्ग त्याला अधिक पटला.

पुण्याच्या कंपनीकडून समर्थ नावाचा इंजिनिअर आला. त्याने एक संगणक, एक प्रिंटर, बारकोड वाचणारे एक यंत्र आणि चकचकीत लेबले यांची जुळवणी केली. प्रत्येक पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर लेबल लागले, लेबलावरून थेट कण्यापर्यंत पारदर्शक चिकटपट्टी. यंत्र पुठ्ठ्यावर धरले की 'पिं' असा आवाज होई आणि पडद्यावर पुस्तकाचे नाव, जागा आणि 'उपलब्ध' असा हिरवा शब्द येई. पहिल्या 'पिं'ला प्राचार्यांनी पेढे वाटले.

जाताना समर्थ म्हणाला, "सर, आता व्हिजिटपर्यंत डेटा फ्रीझ. एकही पुस्तक जागचं हलवायचं नाही. एक हललं की पुढचं सगळं लोकेशन मिसमॅच."

"एकही?"

"एकही."

सावळारामांनी त्याच दिवशी सगळी कपाटे बंद करून दारांवर कागदी पट्ट्या चिकटवल्या आणि पट्ट्यांवर सह्या केल्या. खाली टीप लिहिली : सील तोडावयाचे झाल्यास सही करणाऱ्या अधिकाऱ्याची लेखी पूर्वपरवानगी आवश्यक.

दसरा झाला. ऊन चांगले कडक पडले. भिका सवयीने कडुलिंबाच्या दोन डहाळ्या घेऊन दारात उभा राहिला, मग त्याचे त्यालाच आठवले.

"औंदा ऊन न्हाई ना, सायेब?"

"नाही. यंदा फिजिकल एक्स्पोजर डिफर केलंय."

"डिफर," भिकाने शब्द तोंडात घोळवला, डहाळ्या कुंपणापलीकडे टाकल्या आणि त्या एका शेळीने ताबडतोब चेक-आउट केल्या.

दिवाळीची सुटी संपवून सावळाराम परतले, तेव्हा घाटघरच्या कपाटाच्या पायाशी त्यांना मातीची एक बारीक, ओलसर रेघ दिसली. भिंतीतून निघून ती लाकडावर चढली होती आणि दाराच्या फटीतून आत गेली होती. सावळाराम शेतकऱ्याच्या घरातले होते. ती रेघ काय आहे हे त्यांना सांगायला कोणी लागत नव्हते. त्यांनी वाकून बोटाने माती जराशी उकरली. आत पांढरे काहीतरी वळवळले. त्यांनी कपाटाला कान लावला. ग्रंथालयात त्या वेळी खरोखरच शांतता होती, त्यामुळे आतून कुरतडल्याचा तो कोरडा आवाज अगदी स्पष्ट आला.

रेघ अजून तळच्या खणापर्यंतच होती. वनस्पतींचे पुस्तक वरून दुसऱ्या खणात होते. त्याच दुपारी कपाट अंगणात काढले असते, पुस्तके उन्हात झटकली असती आणि भिंतीच्या बुडाशी औषध ओतले असते, तर विषय तिथेच संपला असता.

"भिका! घाटघरचं कपाट बाहेर काढायचंय. हात लाव."

भिका जागचा हलला नाही. "कंचं म्हनला?"

"घाटघरचं, घाटघरचं. वाळवी लागलीय."

"सायेब, फ्रीझ चालू हाय." भिकाने आवाज खाली आणला. "आनि वाळवी काय आपल्या परिभाषेत न्हाई. तुमीच लिवलंय, भायेरच्या शब्दात सूचना घेयाची न्हाई. उद्या मिसमॅच झाला मंजी तुमी कायम हाय. माझं काय?"

"अरे, पुस्तकं खाऊन टाकील ती!"

"खाईल. पर जागची हालणार न्हाईत ना?"

सावळारामांनी पुण्याला फोन लावला. समर्थने शांतपणे ऐकून घेतले. "सर, वाळवीसाठी फील्ड नाहीये. स्टेटसला चारच ऑप्शन आहेत : उपलब्ध, दिलेले, बाइंडिंगला, हरवलेले."

"खाल्लेले असं टाकता येणार नाही?"

"नेक्स्ट व्हर्जनला सजेस्ट करतो. सध्या पुस्तक जागेवर आहे ना, सर?"

"आहे. म्हणजे... आहे."

"मग उपलब्ध ठेवा."

आता प्राचार्यांची परवानगी हाच मार्ग उरला होता. शनिवारी बैठक होती. घरून निघताना सावळारामांनी वाक्य पाठ केले : सर, घाटघरच्या कपाटाला वाळवी लागली आहे, आजच बाहेर काढू द्या. वाक्यात अडचण काहीच नव्हती. बैठकीत त्यांच्या आधी भूगोलवाले 'व्हिजन'वर बोलले आणि रसायनवाले 'रोडमॅप'वर. मग प्राचार्य म्हणाले, "औटी सर, तुमचं अपडेट?"

सावळाराम उभे राहिले. "सर, वाळवी लागली आहे."

त्या खोलीत बसलेला एकूण एक माणूस शेतकऱ्याच्या घरचा होता. त्यांपैकी दोघांच्या घरच्या चौकटी त्याच वर्षी वाळवीने नेल्या होत्या. पण बैठकीत समजलेला शब्द प्रथम कोणी उच्चारायचा, हा प्रश्न होता. सगळ्यांची पेने कागदावर टेकून थांबली. शेवटी प्रा. डुंबऱ्यांनी घसा खाकरला.

"सर, याचा फुल फॉर्म काय?"

प्राचार्यांनी पारिभाषिक शब्दांचे परिपत्रक वरपासून खालपर्यंत पाहिले. "औटी सर, हा शब्द तुमच्याच सर्क्युलरमध्ये दिसत नाही."

आता फक्त "अहो, वाळवी! लाकूड खाते ती!" एवढे म्हणायचे होते. ते म्हटले असते तर सगळे हसले असते, डुंबरे सर्वांत मोठ्याने, आणि नंतर कोणीतरी म्हणाले असते, "औटी, तेवढी खिडकी लावा." सावळारामांना ते हसू ऐकू आले. त्या खिडकीची कडीसुद्धा त्यांच्या हाताला लागली.

"म्हणजे, सर," ते म्हणाले, "लोअर टियरला थोडं बायोलॉजिकल कॉम्प्रेशन सुरू झालंय. ऑरगॅनिक स्वरूपाचं."

"असं!" प्राचार्य पुढे झुकले. "गंभीर नाही ना?"

"प्रोग्रेसिव्ह आहे."

"प्रोग्रेसिव्ह आहे, लिहून घ्या," प्राचार्य म्हणाले. डुंबऱ्यांनी टाळी वाजवली, मग बाकीच्यांनी वाजवली. टाळ्या चालू असताना सावळाराम खाली बसले. बसताना त्यांना बरे वाटले, हेही खोटे सांगण्यात अर्थ नाही.

त्यानंतर त्यांनी एक शेवटचा, प्रामाणिक प्रयत्न केला. सुटीच्या दिवशी दुपारी ते एकटेच औषधाचा डबा घेऊन ग्रंथालयात आले. कपाटासमोर उभे राहिले. दारावर पट्टी होती, पट्टीवर त्यांची स्वतःची सही होती. सील तोडण्यास लेखी परवानगी आवश्यक होती. सावळारामांनी टेबलाशी बसून ग्रंथपालांच्या नावे रीतसर अर्ज लिहिला, मग खुर्ची बदलून तो वाचला. अर्जातील 'वाळवी' हा शब्द परिभाषेबाहेरचा होता. ग्रंथपाल म्हणून त्यांच्यापुढे दुसरा इलाजच नव्हता. त्यांनी समासात 'विचाराधीन' असा शेरा मारला आणि डबा उचलून घरी गेले.

समिती जानेवारीत आली. अध्यक्ष परगावचे, वयस्कर आणि अतिशय सभ्य गृहस्थ होते. सकाळपासून त्यांना सर्व विभाग दाखवून झाले होते आणि जेवणाला मासवडी आहे हेही कळवून झाले होते. ग्रंथालयात शिरताच ते म्हणाले, "रँडम एखादं कपाट बघू. हे लाकडी फार छान आहे."

भिकाने सील तोडले आणि दार उघडले.

आत पुस्तके ताठ उभी होती. एकही जागचे हललेले नव्हते. प्रत्येक कण्यावर चिकटपट्टी लखलखत होती. वाळवीने पुठ्ठे तेवढे सोडून दिले होते. पारदर्शक चिकटपट्टी तिला मानवली नसावी. अध्यक्षांनी दुसऱ्या खणातले जाडजूड पुस्तक अलगद काढले, भिकाने यंत्र धरले. पिं. पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'उपलब्ध'.

"सुंदर!" अध्यक्ष म्हणाले. मग त्यांनी पुस्तक हातात तोलून पाहिले. "आकाराच्या मानाने हलकं आहे, नाही?"

सावळारामांनी तोंड उघडले. तेवढ्यात भिका म्हणाला, "कॉम्प्रेस केलंय, सायेब. प्रोग्रेसिव्ह."

"वा," अध्यक्ष म्हणाले, "ग्रामीण भागात हे!" आणि पुस्तक होते तिथे, होते तसे ठेवले. ते उघडावे, असे त्यांच्या मनात आले असेलही. पण रस्सा निवत होता.

महाविद्यालयाला उत्तम श्रेणी मिळाली. अहवालात ग्रंथालयाचा खास उल्लेख होता, फक्त 'देवघेवीचे प्रमाण वाढवावे' अशी एक सूचना होती. प्राचार्यांनी लगोलग आदेश काढला, की प्रत्येक विद्यार्थ्याने दर आठवड्याला एक पुस्तक न्यावे आणि वेळेत परत करावे.

आता उघडकीस येईल, असे सावळारामांना वाटले. खरे तर ते त्याचीच वाट पाहत होते. कोणीतरी यावे, टेबलावर पोकळ पुठ्ठा आपटावा आणि "हे काय हो?" म्हणून ओरडावे, मग आपण सगळे कबूल करू, असे त्यांनी ठरवून टाकले होते. सोमवार आला. घाटघरच्या कपाटातली सगळी पुस्तके गेली. एसटीला लोंबकळत जाणाऱ्या पोरांमध्ये ती भलतीच लोकप्रिय झाली, कारण ती हलकी होती. पुढच्या सोमवारी सगळी वेळेत परत आली. पिं, पिं, पिं. कोणी काही बोलले नाही. अभिप्रायाच्या कागदांवर 'माहितीपूर्ण', 'भाषा सोपी' आणि एके ठिकाणी 'शेवट आवडला' असे लिहिलेले होते. प्रा. डुंबऱ्यांनी आपल्या प्रबंधाच्या संदर्भसूचीत त्यांतली दोन घातली.

असे ते शैक्षणिक वर्ष सुरळीत पार पडले.

पुढच्या जूनमध्ये ओली छत्री बाहेर ठेवून एक मुलगी टेबलाशी आली. तिने वनस्पतींचे ते पुस्तक मागितले. सावळारामांनी नाव विचारले. जया, घाटघर. कुशाबा मास्तरांची नात.

"ते सध्या..." सावळाराम म्हणाले, "रिट्रीव्हल पेंडिंग आहे."

"म्हंजी?"

"म्हणजे, शोधावं लागेल."

"सर, हितं पडद्याव तर उपलब्ध दावतंय." तिने बोट दाखवले. "दुसऱ्या खणात. आमच्या आजीनं सांगितलं व्हतं, दुसऱ्या खणात असंल म्हनून."

"आजी कशी आहे?" सावळारामांनी विचारले. मास्तरांच्या अंबाबाईंना ते ओळखत.

"गेली की उन्हाळ्यात. ती शेवटची. त्या पुस्तकात ज्या बायांची नावं हायती ना, त्यातली आता एकबी न्हाई. मला ती झाडांची नावं उतरून घ्यायची. वनस्पतिशास्त्राला हाय मी. अभ्यासाच्या पुस्तकातली नावं मला पाठ हायती, पर आमच्याकडची कुनाला इचारू?"

भिकाने पुस्तक आणले. पिं. इतर सगळे जिथे वळून दाराकडे जात, तिथे ती वळली नाही. तिने पुस्तक टेबलावरच उघडले.

आतून माती सांडली. भुरभुरीत, कोरडी माती टेबलावर, सावळारामांच्या वहीवर, संगणकाच्या कळांवर पसरली. पुठ्ठ्याच्या आत पानांच्या जागी एक ओबडधोबड पोकळी होती आणि तिच्या कडेला कागदाची झालर शिल्लक होती. जयाने झालरीला बोट लावले, ती गळून पडली.

"सर, हे काय?"

"डिग्रेडेशन हाय ते," भिका मागून म्हणाला. "लोवर टियरचं वर आलंय."

"वाळवी हाय ही," जया म्हणाली. तिने ते इतक्या सहज म्हटले, की सावळारामांना तिचा हेवा वाटला. "कधी लागली व्हती?"

"दिवाळीनंतर."

"तुमाला तवाच कळलं व्हतं?"

"हो."

"मंग सांगितलं न्हाई कुनाला?"

"सांगितलं ना. मीटिंगमध्ये सांगितलं."

"काय म्हनून सांगितलं, सर?"

सावळारामांनी उत्तर द्यायचा प्रयत्न केला. लोअर टियर, ऑरगॅनिक... एकेक शब्द जिभेवर आला आणि त्या मातीकडे पाहून परत गेला. जयाने टेबलावरची माती ओंजळीत गोळा केली, खिडकीतून बाहेर टाकली, हात झटकले आणि पुठ्ठा तिथेच ठेवून छत्री घेऊन निघून गेली.

भिकाने यंत्र धरले. पिं. पुस्तक वेळेत परत आले होते.

प्रकरण प्राचार्यांपर्यंत गेले. त्यांनी दार लावून घेतले. "औटी सर, चौकशी लावली तर अहवाल खोटा ठरेल, श्रेणी जाईल. मीटिंगच्या नोंदीत कॉम्प्रेशन तुमच्या तोंडी आहे, टाळ्यांसकट. तुम्हीच सांगा काय करायचं. माझ्या मते प्रॉब्लेम वाळवीचा नाहीच." या वेळी त्यांनी तो शब्द अगदी सहज उच्चारला. "इतके महिने सगळ्यांनी पुस्तकं नेली, कुणाला काही अडचण आली नाही. अडचण आली ती एकीने उघडलं तेव्हा."

यातला तर्क बिनतोड होता. सावळारामांनी तो कुठे चुकतो आहे, हे दुपारभर शोधले. संध्याकाळी त्यांनी नियम लिहायला घेतला. बऱ्याच दिवसांनी ते साध्या मराठीत लिहीत होते, आणि हात चांगला चालत होता. नियमात एकही परका शब्द नव्हता. तो सूचनाफलकावर लागला आणि पहिल्याच वाचनात सर्वांना समजला. भिकासुद्धा म्हणाला, "झ्याक लिवलंय, सायेब. पटदिशी कळतंय."

नियम असा : ग्रंथालयातील पुस्तके सर्वांसाठी खुली आहेत. ती घरी न्यावीत, जपून वापरावीत, वेळेवर परत करावीत. मात्र पुस्तक उघडावयाचे झाल्यास तसा अर्ज आगाऊ करावा. अर्ज कोणासही करता येईल. तालुक्याबाहेरील व्यक्तींनाही मनाई नाही.

कोऱ्या अर्जांचा गठ्ठा आजही टेबलावर ठेवलेला आहे. भिका कायम झाल्यापासून रोज त्यावरची धूळ झटकतो. त्यातला एकही अर्ज अजून कोणी भरून दिलेला नाही. जया पुन्हा आली नाही. बाकीच्यांना गरज पडली नाही. सावळाराम निवृत्त होण्यापूर्वी रोज संध्याकाळी तो गठ्ठा चाळून पाहत. कोणाचे तरी नाव असेल, असे त्यांना वाटे.

तुमचेही नव्हते.